बसच्या शेवटच्या सीटपर्यंत जाणाऱ्या जाधव मॅडम

आदरणीय शालिनी जाधव मॅडम वयाची साठ वर्षं पूर्ण करत आहेत. मस्कतमधल्या आमच्या भारतीय शाळेत त्या उपमुख्याध्यापिका आहेत आणि मी नर्स. मी मूळची रत्नागिरीची. माझी मुलाखत त्यांनीच घेतली होती.

"मूल बेशुद्ध पडलं तर आधी कोणाला कळवाल?" त्यांनी विचारलं.

"प्रिन्सिपल सरांना," मी म्हणाले.

त्या हसल्या. "आधी अँब्युलन्स, मग आई. सर कुठे पळून जात नाहीत."

गैरहजर मुलाच्या घरी पहिल्याच तासाला फोन करायचा, हा मॅडमचा नियम. शिक्षक कधी कुरकुरायचे. एका मे महिन्यात असाच फोन केजीतल्या आरवच्या घरी गेला. आई म्हणाली, "तो तर बसने गेला."

मॅडम धावतच पार्किंगमध्ये गेल्या, मागोमाग मी. अल अमेरातहून आलेल्या बसच्या मागच्या सीटखाली आरव पडला होता. अंग तापलेलं, शुद्ध हरपलेली. आम्ही त्याला सावलीत आणलं, कपडे सैल केले, अंगावर पाणी ओतत राहिलो. मॅडमनी अँब्युलन्स बोलावली आणि आईला फोनवर स्वतः सांगितलं, "आरव बसमध्येच राहिला. चूक शाळेची आहे. तुम्ही थेट हॉस्पिटलला या."

तेवढ्यात व्यवस्थापनातले एक गृहस्थ आले. "वर्गात चक्कर आली म्हणा. विषय खलास. नाहीतर शाळा बंद पडेल."

"डॉक्टरांना खोटं सांगितलं तर उपचार चुकतील," मॅडम शांतपणे म्हणाल्या. "पोलिसांनाही मी कळवलंय. ते येईपर्यंत बस हलवायची नाही."

त्यांचीही नोकरी त्या दिवशी पणाला लागली होती. तरी बसमध्ये मुलांना सांभाळणारी आया मेरी, तिच्या खांद्यावर त्यांनी हात ठेवला. "सच बोलो. मैं साथ में हूँ." पोलिसांपुढे मेरीने बस न तपासल्याचं कबूल केलं. मॅडमनी पुढे जोडलं, "बस रिकामी झाली की नाही, हे दुसऱ्या कोणी पाहावं अशी व्यवस्था आम्ही केली नव्हती. त्याची जबाबदारी माझी." चौकशी बरीच लांबली. मेरीची नोकरी गेली, पण तिच्या एकटीवर सगळं ढकललं गेलं नाही. मॅडमना लेखी ताकीद मिळाली. त्यांनी ती निमूटपणे स्वीकारली.

आरव शुद्धीवर येईपर्यंत मॅडम रोज हॉस्पिटलमध्ये जात. त्याची आई त्यांच्याकडे बघतही नसे. मॅडम बाहेरच्या बाकावर बसून परत येत. "माफी मागायला आलेल्या माणसाने घाई करू नये," त्या मला म्हणाल्या होत्या. एके दिवशी आईच बाहेर आली आणि त्यांच्या शेजारी बसली. दोघी खूप वेळ रडल्या.

आरव पूर्ण बरा झाला. तेव्हापासून रोज सकाळी मॅडम प्रत्येक बसमध्ये शेवटच्या सीटपर्यंत जाऊन येतात. गुडघे दुखतात, तरी.

यंदा आरवच्या आईने धाकटीलाही आमच्याच शाळेत घातलं. "दुसरी शाळा नाही बघितली?" मी विचारलं.

"बघितल्या ना," त्या म्हणाल्या. "पण माझ्याशी खरं बोललेली बाई इथेच आहे."

मॅडम, अल्लाह तुम्हाला उदंड आयुष्य आणि निरोगी शरीर देवो. आणि उद्यापासून अर्ध्या बसेस मी बघेन. तुम्ही गुडघे जपा.