रक्ताच्या पेशींत लपलेली कावीळ

“लिव्हर खराब झालंय. किती वर्षं पिताय?”

लिव्हर म्हणजे यकृत, एवढं मला ठाऊक होतं. पण मी गंगाखेडचा कापड दुकानदार, लिंगायत, गळ्यात लिंग, दारूचा थेंब कधी ओठाला लागला नव्हता. तसं सांगितलं, तर परभणीचे डॉक्टर नुसते हसले. शेजारी बायको महादेवी बसली होती. तिनं माझ्याकडं जे पाहिलं, ते काळजाला लागलं.

घरी ती माझी उशी हुंगायची. दुकानात कापडाच्या गठ्ठ्यांमागं बाटली शोधायची.

“लिंगाला हात लावून सांगा, प्यायलाव का न्हाई?”

शपथ घेतली, तरी हुंगणं चालूच. आजारापेक्षा मला याचीच चीड यायची.

वर्षानं दुसऱ्या एका डॉक्टरीणबाईंनी नवी तपासणी करवली. हिपॅटायटिस सी निघाला, म्हणजे रक्तातून पसरणारी कावीळ. पण खात्रीसाठी पुण्याला पाठवलेल्या सीरममध्ये, म्हणजे रक्ताच्या पाण्यात, विषाणू सापडला नाही. झालं!

“रोग सापडंना, म्हंजी दारूच,” महादेवी म्हणाली.

बाईंनी पुन्हा रक्त मागितलं, पांढऱ्या पेशी तपासायला. आता संशय मला आला. ही बाई माझं रक्त विकते की काय? तरी हात पुढं केला. बायकोला दाखवायला दुसरा पुरावा कुठून आणणार?

विद्यापीठाच्या नामांतराच्या बंदमुळं एसट्या थांबल्या आणि रिपोर्ट रखडला. आला तेव्हा बाई म्हणाल्या, “विषाणू पेशींत सापडला. रक्ताच्या पाण्यात तो कधी दिसतो, कधी नाही. हा रोग दारूनं होत नाही. सुया कुठं घेत होता?”

आमच्याकडं सुगी संपली की बाजारच्या दिवशी कंपाउंडरकडून ताकतीची सुई टोचून घ्यायची रीत. रांग मोठी, सुई एकच. उकळायला सवड कुणाला?

मी तोऱ्यात शेजारी बसलेल्या महादेवीकडं पाहिलं. आता तरी पटलं?

ती म्हणाली, “रांगंत मी तुमच्याच मागं ऱ्हायची की.”

माझा तोरा जागीच उतरला. वर्षभर मी स्वतःचं नाव धुण्यात गुंतलो होतो, हिच्याकडं नीट पाहिलंच नव्हतं. तिथंच, बाईंसमोर, तिच्या पापण्या खाली ओढून पाहिल्या. डोळ्यांत पिवळेपणा नव्हता. मला रडू कोसळलं.

“डोळ्यांवरून कळत नाही,” बाई म्हणाल्या आणि रक्त घ्यायला तिचा दंड बांधला.

तिचं रक्त स्वच्छ निघालं. माझा रोग अजून अंगात आहे, पथ्यावर दिवस बरे जातात. त्या बाईंचे उपकार फिटायचे नाहीत. तुमच्या घरी एकाला हे निघालं, तर आधी दुसऱ्याचं रक्त तपासा. भांडण मागाहून करा.