बाबा, बांबू आणि मिनी ट्रॅक्टर

माझ्या वडिलांना मी सौंसरच्या भर बाजारातून बांबूवर आडवं बांधून नेलं, तेव्हा त्यांची तब्येत अगदी ठणठणीत होती.

(आजही आहे. हे वाचून कुणी भेटायला निघालं असेल तर त्यानं कृपा करून घरीच बसावं!)

आमचा ट्रॅक्टर मिनी. संत्र्याच्या दोन ओळींतून तो अंग चोरून जातो, पण मागे ट्रॉली लावली की वळताना झाडंच उपटायची पाळी! म्हणून मी वेल्डिंगवाल्याकडून मागच्या लिफ्टवर एक लोखंडी जाळी बसवून घेतली. चांगली बाजेएवढी. दोन्ही बाजूंना हूक. फावडं, खोदायची टिकास, सब्बल, कुऱ्हाड, ज्याची त्याची जागा ठरलेली. घर बोरगावला आणि बगीचा सौंसरच्या पलीकडे, त्यामुळे एखादी वस्तू विसरली की दिवस वाया. या जाळीचा मला इतका अभिमान होता की रोज संध्याकाळी मी तिला फडक्यानं पुसायचो.

भादव्याचं ऊन होतं. फांद्या संत्र्यांनी वाकल्या होत्या, त्यांना टेकू द्यायला बांबू हवे होते. ते सौंसरच्या वेशीवर घेतले आणि जाळीवर एकाला एक लावून बांधले. बगीच्यात पाणी प्यायला एक कोरं मडकं घेतलं. फुटू नये म्हणून दोरीत अडकवून पुढे बॉनेटवर, सायलेन्सरच्या शेजारी टांगलं.

"अन् मी कुठं बसू?" बाबांनी विचारलं.

"बांबूवर!"

ते बसले. ऊन लागलं म्हणून आडवे झाले. माश्या बसायला लागल्या म्हणून पांढरा दुपट्टा डोक्यापासून पायापर्यंत ओढून घेतला. आतून आवाज आला, "बाल्या, गड्ढ्यात पाडशील बे मले!" म्हणून मी त्यांना छातीवरून आणि पायांवरून सुतळीनं बांधलं. (सुतळी नवी होती आणि गाठ माझी होती. दोन्ही पक्क्या.) थोड्याच वेळात बाबांना गाढ झोप लागली.

बाजारात शिरलो आणि पानठेल्यावरची माणसं उठून उभी राहिली. मला वाटलं, जाळी पाहून! एकानं टोपी काढली. किराणावाल्यानं शटर अर्धं खाली ओढलं. एवढा मान? सगळ्यांना नीट दिसावं म्हणून मी ट्रॅक्टर अगदी हळू केला. आणि हात हलवला. हसून!

पानठेलेवाले काका चप्पल काढून, हात जोडून रस्त्यात आले.

"एकटाच नेऊन राहिला का रे बाल्या?"

"एकटाच, काका! दुसरा मानूस लागतच नाही. हेच तं याचं खास आहे!"

काका दोन पावलं मागे सरकले. "अन् हे फावडं, टिकास?"

"थेही संगंच. दोनदा काहून चक्कर माराची?"

काकांनी कपाळाला हात लावला. मी पुढे निघालो.

सहज मागे वळून पाहतो, तर माणसांची ही रांग! एवढ्यात चुलतभाऊ दिनूनं मोटरसायकल आडवी घातली आणि रडत येऊन बाबांच्या पायांना मिठी मारली.

"दादा, सांगाचं तं होतं! मोठे बाबा गेले अन् तू कोनाले बोलावलंही नाही?"

बाबा गेले? कधी? माझ्या पाठीमागे, आत्ता? एवढी माणसं मागून येताहेत म्हणजे खरंच असणार! मी स्टिअरिंगवर डोकं टेकवलं आणि असा हंबरडा फोडला की समोरच्या हॉटेलातला चहा उतू गेला.

त्या आवाजानं बाबा जागे झाले.

"कोन गेलं बे?" दुपट्ट्यातून प्रश्न आला, आणि बाबा उठायला गेले तसे दोन बांबूही त्यांच्यासोबत उठले. रस्ता मोकळा झाला. टोपीवाला नालीत सापडला. रांगेतून आलेल्या पानठेलेवाल्या काकांनी खांबाआडून सांगितलं, "तुमीच गेले, भाऊ!"

दिनूनं खिशातला फोन चाचपला. "दादा... म्या मोठ्या आईले फोन करून देल्ला नं."

आईला बीपी. कसलाही धक्का बसू देऊ नका, असं डॉक्टरांनी बजावलेलं. फोन लावला, तर बिझी. पुन्हा लावला, बिझी. मधेच पांढुर्ण्याच्या आत्याचा फोन आला; तिनं माझं काहीच ऐकून घेतलं नाही, नुसती रडत राहिली.

"थांबा बाबा, सुतळी सोडतो."

"सुतळी मरू दे! पयले घरी चाल! तुया आईले काही झालं तं..." बाबांचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता.

ट्रॅक्टर फिरवला. ज्या बाजारातून आलो त्याच बाजारातून परत. बाबा पाठीला बांबू घेऊन बसलेले आणि दोन्ही हात वर करून ओरडताहेत, "जित्ता आहो मी! जित्ता आहो!" किराणावाल्यानं या वेळी शटर पूर्ण खाली ओढलं.

बोरगावात दारासमोर बायका जमून रडत होत्या. आई ओट्यावर बसलेली, डोळे कोरडे, नजर कुठेच नाही. बाबांना पाहून ती उठली. त्यांच्या तोंडावरून दोन्ही हात फिरवले, कान ओढून पाहिला, आणि मग तिथंच बसून रडली. बाबाही रडले. मी तर आधीपासूनच रडत होतो.

पाणी पिऊन झाल्यावर मी तिचे पाय धरले. "आई, एवढा मोठा धक्का! तुले काही झालं असतं तं?"

"मले काय होते! म्या पयले मानलंच नाही. सकाळी ठेच्यासंगं भाकरी चापून गेलेला मानूस असा कसा मरंल?"

"मंग रडत काहून होत्या साऱ्या जनी?"

"मंग दिन्या म्हने, दादा मोठ्या बाबाले फावड्या-टिकासीसंगं बांधून नेऊन राहिला." आईनं पदरानं डोळे पुसले. "तवा मले खरं वाटलं. म्हनलं, हा मायाच पोरगा!"