तंगुसाची गाठ

रविवारी गिऱ्हाईक येणार होतं आणि शनिवारी दुपार उलटली तरी गाडीचं बॉनेट उघडत नव्हतं.

गिऱ्हाईक पनवेलचं. फोनवर तो तरुण सरळच बोलला होता, "काका, गाडी चालू असेल तर मी चालवत नेतो. नसेल तर टोइंगवाला आणतो आणि पार्टसाठी घेतो." पार्टसाठी म्हणजे फाडायला. माझ्या मुलीला दोन्ही सारखंच होतं. सानपाड्याचा फ्लॅट आवरून मला नाशिकला तिच्याकडे न्यायचं, हे तिने ठरवलं होतं. मीही मान डोलावली होती, कारण नाही म्हणायला अंगात जोर नव्हता. पण हुकाला टांगलेली, पुढची चाकं हवेत, अशी माझी गाडी सोसायटीच्या गेटमधून जाताना मला बघायची नव्हती.

मुलीची आई तशीच गेली होती. लिफ्ट त्या दिवशी बंद होती, म्हणून वॉचमनने आणि वरच्या शेजाऱ्याने तिला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून जिन्याने उतरवलं. "अहो, मी माझ्या पायांनी येते ना," ती दर मजल्यावर म्हणत होती. तिच्याकडे लक्ष द्यायला कुणाला फुरसत नव्हती. हॉस्पिटलातून ती घरी परत आली नाही.

गाडी दोन सीटांची, लाल, फायबरच्या बॉडीची, छप्पर काढता येणारी. पन्नाशीला टेकलेल्या बँकेतल्या माणसाने असली सेकंडहँड गाडी घेणं म्हणजे शुद्ध आचरटपणा होता आणि तो मी मोठ्या हौसेने केला. घरी आणली तेव्हा बायकोने तिच्याभोवती एक चक्कर मारली आणि विचारलं, "मुलीला काय डिकीत बसवायचं?" गाडी इतकी बुटकी की आत शिरताना गुडघे कानाला लागायचे. "ही गाडी नव्हे, चप्पल आहे," ती म्हणायची. "पाय घातला की निघालं." पण छप्पर काढून पाम बीच रोडला लागलो की सगळ्यात मोठ्याने तीच गायची, आणि बेसूर.

या गाडीची दोन दुखणी जुनीच. एक बॉनेटचं लॉक. उन्हात फायबर फुगतं आणि लॉक धरून बसतं. मग मी आत बसून खटका ओढायचा आणि तिने बाहेरून नाकाडावर तळव्याने थाप मारायची. थाप नेमकी कुठे मारायची ते तिच्या हाताला ठाऊक होतं. मी मारली तर नुसता हात दुखायचा. दुसरं दुखणं हवेचं. इंजिनला जाणारा एखादा रबरी पाइप चिरतो किंवा सैल होतो, इंजिन तिथून चोरून हवा ओढतं, आणि सिग्नलला उभं राहिलं की धापा टाकत बंद पडतं. मेकॅनिक म्हणतात, एअर पकडतेय. हवा कुठून शिरते ते आवाजावरून शोधावं लागतं, आणि माझ्या कानांना बारीक आवाज पूर्वीपासून कमी. त्यामुळे तेही काम तिचं. गॅसच्या जुन्या नळीचा तुकडा कानाला लावून ती इंजिनवर वाकायची, दुसरं टोक एकेका पाइपपाशी फिरवायची आणि म्हणायची, "हं, इथे कुणीतरी बशीतून चहा फुरकतंय." ती बोट ठेवेल तिथेच चीर सापडायची.

आता ती नव्हती आणि बॉनेट थापेलाही दाद देत नव्हतं. मुलगी आत बसून खटका ओढत होती, मी थापा मारत होतो. जाता जाता सोसायटीचे सेक्रेटरी थांबले. "काका, कशाला टेन्शन घेता? टोइंगवाला बोलवा आणि मोकळे व्हा." मी त्यांना म्हटलं, तुम्ही आधी पाण्याच्या टाकीचं झाकण बसवा. ते गेले. मुलीने डोक्याला हात लावला.

शेवटी मी पुठ्ठा पसरून गाडीच्या नाकाखाली उताणा झोपलो. टॉर्च तोंडात धरला आणि खालच्या फटीतून हात वर घातला. लॉकला काहीतरी गुंडाळलेलं लागलं. तारेसारखं, पण मऊ. टॉर्च वळवला तर पांढुरका, चमकणारा दोरा आणि त्यात अडकलेली तपकिरी झालेली दोन-तीन झेंडूची फुलं.

तो तंगूस होता, मासे धरायचा. बघताक्षणी सगळं लक्षात आलं.

दसऱ्याला ती गाडीची पूजा करायची. इतरांच्या गाड्यांना पुढे जाळी असते, तिला माळ बांधता येते. आमच्या चपलेला जाळीच नाही. म्हणून ती बॉनेट उघडून माळेची टोकं आत लॉकच्या पट्टीला बांधायची आणि वरून बॉनेट लावायची. दरवर्षी सुती दोरा वाऱ्याने तुटायचा आणि झेंडू रस्त्यावर. "तुझी माळ काही नेरूळच्या पुढे जात नाही," मी चिडवायचो. गेल्या दसऱ्याला तिची तब्येत बरी नव्हती, तरी बाजारात गेली आणि नेहमीच्या कोळणीकडून तंगूस मागून आणला. कोळीण काय म्हणाली तेही तिने मला हसत हसत करून दाखवलं होतं, "ताय, हातभर मावरा वढतो ह्यो. तुटनार नाय." त्या दिवशी आम्ही बेलापूरपर्यंत जाऊन आलो आणि एकही फूल पडलं नाही. दिवाळीत वाळलेली माळ वॉचमनने बाहेरून कापून टाकली. तेव्हा ती हॉस्पिटलात होती. टोकं आत राहिली आहेत, हे कुणाच्या ध्यानात यायचं?

"बाबा, काय आहे?" मुलीने वरून विचारलं.

"आईची माळ आहे," मी म्हटलं, आणि मला रडू आलं. गाडीखाली झोपलेल्या माणसाचं रडणं कुणाला दिसत नाही, एवढीच सोय.

ब्लेड हाताशी होतं, पण कापवेना. मुलीला म्हटलं, खटका ओढून धर, सोडू नकोस. मग नखांनी एकेक वेढा सोडवत बसलो. शेवटचा वेढा निघाला तसं लॉक खट्‌कन सुटलं. उरलेला दोरा न तुटता हातात आला. तो मी गुंडाळून शर्टाच्या खिशात ठेवला आणि तो नाशिकला न्यायचा हे त्याच क्षणी ठरवलं. या घरातलं दुसरं काही मला नको होतं.

बॅटरी पार उतरली होती. ती रात्रभर चार्जिंगला लावली आणि रविवारी सकाळी गाडी सुरू केली. सुरू झाली, पण तेच रडगाणं. धापा टाकून बंद. पुन्हा सुरू, पुन्हा बंद. मी नळी कानाला लावून वाकलो. मला काही म्हणता काही ऐकू येईना. मुलीने नळी माझ्या हातातून घेतली, मला आत बसून पाय ॲक्सिलरेटरवर ठेवायला लावला, आणि थोड्या वेळाने ओरडली, "बाबा, इथे! इथे कुणीतरी चहा फुरकतंय!"

मी स्टिअरिंग धरून बसून राहिलो. मग उतरून बघितलं.

पाइप जागेवर सैल झाला होता, कारण त्याची क्लिप गंजून तुटली होती. पाइप हाताने आवळून धरला की इंजिन शांत, सोडला की धापा. क्लिपसाठी शिरवण्याच्या बाजूला, स्पेअरपार्टच्या दुकानात जायला हवं होतं. तेवढ्यात फोन वाजला. गिऱ्हाईक अगदी जवळ, जुईनगरला पोचलं होतं, आणि मागून टोइंगवालाही येत होता.

मुलगी माझ्या खिशाकडे बघत होती.

"वरून सुतळी आण," मी म्हटलं.

"सुतळी सैल पडेल, बाबा."

पडली असती. हे मला तिच्यापेक्षा जास्त कळत होतं. खिशातून तंगूस काढला, फुलांचा चुरा झटकला, आणि पाइपवर एकाला एक लागून वेढे घेत गेलो. गाठ मारताना मुलीने वेढ्यांवर बोट दाबून धरलं. गाडी सुरू केली. इंजिन एका लयीत चालू लागलं, बंद पडेना.

तो तरुण चांगला होता. गाडीभोवती अगदी प्रेमाने फिरला. मी त्याला तो पाइप दाखवला आणि पोचल्यावर नवी क्लिप बसवायला सांगितलं.

"हो काका. आज संध्याकाळीच हा दोरा कापून टाकतो."

"टाक," मी म्हटलं.

त्याने टोइंगवाल्याला परत पाठवलं, आत शिरताना गुडघे कानाला लावले, आणि गाडी गेटमधून बाहेर पडली. कोपऱ्यावर वळताना एकदाही अडखळली नाही.

"गेली, बाबा," मुलगी म्हणाली.

"आपल्या पायांनी गेली," मी म्हटलं.

लिफ्ट खालीच उभी होती. मुलीला म्हटलं, तू हो पुढे, आणि मी जिन्याने वर निघालो. माझ्या कानांना बारीक आवाज येत नाहीत. पण दर मजल्यावर ती म्हणत होती, अहो, मी माझ्या पायांनी येते ना. ये, मी म्हटलं. ये.