टाकीची वसुबारस

आमच्या भूम गावात कचऱ्याच्या गाडीवर येणाऱ्या मावशी बादली घेतली की आधी तिच्यात हात घालतात. “ताई, लिंबाच्या साली येगळ्या ठिवा. तिचं पोट बिघडतं.”

‘ती’ म्हणजे कचरा डेपोवरची टाकी. आमचं शिळं-उष्टं तिच्यात कुजतं, त्या गॅसवर जनरेटर चालतो आणि डेपोच्या रस्त्यावरचे दिवे लागतात. मावशी मेंढरांमागं वाढलेल्या. टाकीला कान लावून आतली बुडबुड ऐकतात आणि “रवंथ चाललाय,” म्हणतात. मला हसू यायचं.

वसुबारसेच्या संध्याकाळी त्यांनी मला डेपोवर नेलं. चपला काढल्या, टाकीच्या तोंडाला हळदकुंकू लावलं आणि फडक्यातली वाफाळती बाजरीची भाकरी कुस्करून आत सोडली.

“अहो, ताजी कशाला?” मी म्हणाले.

“रोज शिळंच खाती की बिचारी. आज सणाचं नगं व्हय तिला?”

तेवढ्यात जनरेटर धडधडला. सगळा रस्ता एकदम उजळला. माझ्याच घरच्या देठांचा, सालींचा उजेड माझ्या अनवाणी पायांवर पडला होता. चपला कधी काढल्या, मला कळलंच नव्हतं.

मावशी टाकीच्या पाठीवरून हात फिरवत पुटपुटल्या, “पान्हवली बघा.”