पुष्पाचा तलाव आणि दोन मजले

पुष्पा मेल्यावर डिपार्टमेंटला ती आपली वाटायला लागली.

काल तिथे शोकसभा झाली. ज्या इमारतीने तिला पीएच.डी. दिली नाही, त्याच इमारतीत.

ती माझी बी.एस्सी.ची मैत्रीण. गाव दिघोरीकडचं, घरी धानाची शेती. मी पुढे पेपरात गेलो. ती पीएच.डी.साठी गावच्या तलावात उतरली.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. तिला एकच प्रश्न पडला होता. उन्हाळ्यात तलाव आटला की कोण काय करतं?

बदकं उडून जातात. काही किडे अंडी ठेवून मरतात, काही गवतं बी ठेवून.
आणि मांगूर मासा, गोगलगाय, खेकडा, कमळाचा कंद (गावात त्याला ढेस म्हणतात) हे चौघं चिखलात दडून राहतात.

तिने या चौघांना एकाच गटात टाकलं.
"नाव मागून विचार. आधी उन्हाळा कसा काढते ते पाह्य," म्हणायची.

तिचे बाबा तलावाच्या पाळीवर बसून हसायचे.
"म्हंजे कमळ अन् मांगूर एकच?"
"वागण्यानं एकच, बाबा."
"मंग मायले सांग, मांगूर नाही भेटला त कमळाचे ढेसच रांध. आमाले सारखंच."

डिपार्टमेंटमध्ये कोणी हसलं नाही.

खालच्या मजल्यावर प्राणिशास्त्र. तिथले सर म्हणाले, "कमळ काढा. मी माशांवर सही करू शकतो."
वरच्या मजल्यावर वनस्पतिशास्त्र. "मासे काढा, मग बघू."

"सर, चिखल तर एकच आहे," ती म्हणाली.
"चिखलाचं डिपार्टमेंट नाही आपल्याकडे."

थिसिस घेऊन ती तो जिना चढत-उतरत राहिली. मी म्हटलं, "काढून टाक न कमळ. डिग्री तर घे."
"कमळ काढलं त मंग उरते काय? मी काय माशाचा बाजार भरवून राहिली का?"

तिने काहीच काढलं नाही. सही झाली नाही.

ऐंशीच्या दशकात तलावाचा गाळ मशीन लावून पार तळापर्यंत उपसला. तिने आधीच सांगितलं होतं, चिखल गेला तर चौघंही एकदम जातील.

तलाव पुन्हा भरला. बदकं आली. ते चौघं आले नाहीत.

त्या वर्षी बाबा हसले नाहीत. "ना मांगूर, ना ढेस," एवढंच बोलले.

डिग्री नाही म्हणून कॉलेजची नोकरी नाही. साकोलीच्या शाळेत विज्ञान शिकवत पुष्पा रिटायर झाली.

जात न बघता जगण्याच्या तऱ्हेवरून गट पाडायच्या अशा अभ्यासाला आता ट्रेट्सचा अभ्यास म्हणतात. काल एका साहेबांनी माइकवरून सांगितलं, मॅडम काळाच्या पुढे होत्या.

नाही हो. ती वेळेवरच आली होती. दार तुम्ही लावून घेतलं होतं.

मग तिचा फोटो कुठे लावायचा, यावर चर्चा झाली.
खालचे म्हणाले, मॅडमचं काम तसं वनस्पतींवरचं.
वरचे म्हणाले, नाही, माशांवरचं.

शेवटी जिन्यात लावला.

मी तिथे हार घातला नाही. आज सकाळी तिच्या तलावाच्या पाळीवर फुलं ठेवून आलो.

येतो, पुष्पा.