रंग जागेवर बसला नाही

मी जर्मनीला निघाले त्या सकाळी आबा माझ्या बॅगेला नायलॉनची दोरी बांधत होते. फौजेतून हवालदार होऊन निवृत्त झालेला माणूस, त्यामुळे गाठही फौजेतलीच. विमानतळावर ती सुटेना, शेवटी कापावी लागली. पुण्याला नेणारी जीप कुंडलच्या आमच्या दारात उभी होती, आई वहिनीच्या खांद्याआड रडत होती, आणि आबा मला बजावत होते, "पोचलीस की रिपोर्ट दे. रडायचं ते मागनं." मला तेव्हा हसू आलं होतं.

तुम्ही जे गावात राहिलात आणि जे माझ्यासारखे बाहेर पडलात, त्या सगळ्यांना हे सांगतेय, कारण एकटीला पेलवत नाही.

जर्मनीतल्या लॅबमध्ये माझं काम एका अँटिबॉडीचं. गावात त्याला ‘अक्काचं रंगाचं काम’ म्हणतात, आणि ते काही अगदीच चूक नाही. फुप्फुसाच्या पेशीच्या केंद्रकात एक प्रथिन असतं, कोणती जनुकं चालू ठेवायची ते ठरवणारं. ही अँटिबॉडी त्यालाच जाऊन चिकटते आणि मग तिथे तपकिरी रंग उमटवता येतो. पेशी शरीरात दुसरीकडे कुठेही जाऊन बसली तरी ते प्रथिन बहुधा सोडत नाही. म्हणून रंग केंद्रकात दिसला, की ती मूळची कुठली ते कळायला मदत होते. बाटलीवर लिहिलेलं असतं, फक्त संशोधनासाठी. मी ती उंदरांच्या फुप्फुसांवर वापरते.

यंदा आबांच्या यकृतात गाठ निघाली. मिरजेचे डॉक्टर म्हणाले, कॅन्सर आहे, पण यकृतातला नाही, दुसरीकडून आलाय. कुठून ते कळल्याशिवाय नेमकं औषध ठरेना. मुंबईच्या तपासणीतूनही निष्पन्न काही झालं नाही, आणि गाठीचा तुकडा काढायला पुन्हा सुई घालण्याइतकी ताकद आबांत उरली नव्हती. उरल्या होत्या त्या मोजक्या काचा, त्यांवर त्या गाठीचे पातळ काप.

संजूने, माझ्या धाकट्या भावाने, त्या मागून घेतल्या आणि इकडे येणाऱ्या पलूसच्या एका मुलीजवळ भडंगाच्या डब्यातून दिल्या. आपल्याकडे परदेशी निघालेल्या माणसाच्या बॅगेत दुसऱ्याच्या घरचं काहीतरी असतंच. डबा उघडल्यावर लसणाचा वास आला आणि मी होते तिथेच फरशीवर बसले.

लॅबच्या प्रमुख बाईंनी परवानगी दिली, फक्त रिपोर्ट म्हणून काही लिहून द्यायचं नाही असं सांगितलं. अशा कामात एक काच अँटिबॉडीशिवाय ठेवावी लागते, तुलनेसाठी. आबांची एक काच अशी बाजूला काढताना हात धजेना. पण काढली. बाकीच्यांवर अँटिबॉडीचे थेंब सोडले; गाठ फुप्फुसातून आली असेल, तर केंद्रकं तपकिरी होणार होती.

रंग आला. सूक्ष्मदर्शकाखाली सगळा काप तपकिरी झालेला पाहून मी खरोखर हात जोडले. मग नीट पाहिलं. रंग केंद्रकात नव्हता, भोवती पसरला होता. तुलनेची काच लावली, तर तीही तशीच तपकिरी, म्हणजे रंग अँटिबॉडीमुळे आलाच नव्हता. यकृत असा खोटा रंग देतं, हे नव्या मुलांना मीच शिकवते. तरी एकेक केंद्रक धुंडाळत राहिले, एखादं तरी सापडावं म्हणून. त्या वेळी मला खोटंही चाललं असतं.

संजूने फोनवर विचारलं, रंग आला का. मी म्हटलं, आला, पण जागेवर बसला नाही.  तो म्हणाला, "मग एवढ्या लांब जाऊन शिकलीस ते कशाला गं अक्का?" चिडून म्हणाला असता तर चाललं असतं, पण तो रडत होता.

मिरजेत आता अंदाजाने औषध चालू आहे. आबांना ते सोसत नाही, पाण्याचा घोटही पोटात ठरत नाही. काल त्यांनी स्वतः फोन मागून घेतला. आजाराबद्दल काहीच विचारलं नाही.

"माझं तुकडं तुझ्यापाशी हायत न्हवं? तिकडं टाकू नगंस पोरी. मी सगळा मुलूख हिंडलो, पर परत आलो. येताना मला घिऊन ये."

काम संपलं की माणसाच्या शरीराचं जे काही असेल ते इथे पिवळ्या डब्यात जातं आणि जाळतात. मी काचा रुमालात गुंडाळून खोलीवर आणल्या. तिकीट शनिवारचं मिळालंय. पूर्वी घर म्हटलं की कुंडल आठवायचं. आता थोडे आबा माझ्या कपाटात आहेत, बाकीचे मिरजेच्या खाटेवर, आणि त्यांना एका जागी नेऊन पोचवायचं, एवढंच माझ्यासाठी घर उरलंय. शनिवारपर्यंत थांबा, आबा.