डावखुऱ्या मुठीचा रंधा

बसगाड्यांच्या वर्कशॉपात स्टोअर सांभाळणाऱ्या या गृहस्थांना सगळे गंजोबा म्हणत. भंगारवाल्याकडे जुनं हत्यार दिसलं की स्वारीने तिथेच ठाण मांडलं म्हणून समजा. पटाश्या, गिरमिटं, करवती. घरात पाय ठेवायला जागा नाही. मी गंजले तरच तुम्ही माझ्याकडे बघाल, असं बायको म्हणायची. गंजोबा हसायचे आणि तेलाची चिंधी शोधायला लागायचे.

पण हौस आंधळी नव्हती हं. गंज घासावा, माणूस घासू नये, हा त्यांचा नेम. मुठीवर वर्षानुवर्षांच्या घामाने काळपटपणा चढतो, अंगठ्याने खळी पडते, तिला ते बोट लावत नसत. कुणी चकाचक केलेलं हत्यार मिरवत आणलं की तोंडावर सांगायचे, याचा तर तुम्ही जीवच घेतलात.

त्यांचा थोरला भाऊ, दादा, सुतार. तो डावखुरा, त्यामुळे त्याच्या रंध्याच्या मुठीवरची खळी उलट्या बाजूला. हा दादा एकाएकी गेला. गंजोबांनी डोळ्यांतून टिपूस काढलं नाही. जेवण पुढे आलं की जेवत, ऊठ म्हटलं की उठत. वहिनींनी रंधा त्यांच्या हाती दिला. पातं गंजलंय, तेवढं पुसून परत आणा म्हणाल्या. त्या मुठीवर हात ठेवून बसलं की वहिनींना बरं वाटायचं.

गंजोबा घासायला बसले. पातं झालं, मग तळ झाला. हात थांबेना, आणि थांबवावा असंही आतून काही येईना. घासताना निदान काही आठवत नव्हतं. भान आलं तेव्हा मूठ पिवळीधमक, गुळगुळीत झाली होती आणि मांडीवर काळसर भुसा पडला होता. पोटात धस्स व्हायला हवं होतं. कसलं काय! त्यांनी भुसा झटकला आणि मुठीला तेल लावलं.

दुसऱ्या दिवशी ते रंधा घेऊन गेले. वहिनींनी तो मांडीवर घेतला, डावा हात मुठीवर ठेवला. अंगठा इकडे फिरला, तिकडे फिरला, पुन्हा इकडे आला.

"छान केलात हो भावजी," त्या म्हणाल्या. "अगदी नवा."

"हो," गंजोबा म्हणाले.

अंगठा अजून शोधतच होता. वहिनी दोन शब्द तोडून बोलल्या असत्या तर बरं झालं असतं, असं गंजोबांना वाटलं. दादा गेल्यापासून त्यांना काही वाटलं, ते हे पहिलंच.